७४ मिनिटांत लग्न : सांगली-साताऱ्यातील सीडीचा हिशेब

(धागा)

सांगली, मिरज, विटा, कराड, वाई. यांपैकी कोणत्याही गावातल्या जुन्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला, तर बहुधा एक ठरावीक वस्तू हाती लागते. प्लास्टिकच्या डबीत दोन-तीन सीडी, वर नवरा-नवरीचे छायाचित्र, खाली फोटो स्टुडिओचे नाव, आणि कोपऱ्यात 'भाग १', 'भाग २', 'भाग ३'.

लग्न एकच, मग भाग तीन का? त्या डबीत जेवणाच्या पंगतीतील आजी दिसते, पण तिचा चेहरा चौकटी-चौकटींचा का? आणि अक्षता पडण्याच्या नेमक्या क्षणी पडदा विस्कटतो, तो का?

या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एका आकड्यात आहे : सेकंदाला १,१५० किलोबिट. हा धागा त्या आकड्याचा, आणि त्याच्या फार आधी मिरजेत सुरू झालेल्या अशाच एका हिशेबाचा.

सुरुवात मिरजेपासूनच करणे योग्य. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे मूळचे उत्तरेतील कैरान्याचे. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धात ते मिरजेचे झाले. ख्वाजा शमना मीराँ यांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी संगीतसभा होते. मैफलीत एकेक राग तास-तासभर उलगडणारा हा गायक विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि पुन्हा १९३० च्या दशकात, ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर व मायक्रोफोनसमोर उभा राहिला.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीस चार-साडेचार. तबकडीच्या खोबणीला एकच लांबी आणि फिरण्याला एकच गती. गाणे लांबले म्हणून तबकडी लांबत नाही. म्हणजे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे गायकाला गाण्यापूर्वीच ठरवावे लागे. विस्तीर्ण आलापी गेली. बंदिशीचा मुखडा, रागाची ओळख पटवणाऱ्या चार-दोन जागा आणि एखादी वेगवान तान राहिली.

खाँसाहेबांची थोरवी अशी की त्या तीन मिनिटांतही राग गुदमरलेला वाटत नाही. लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याची ओढ लागली ती खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून, हे प्रसिद्धच आहे. पण तबकडीमुळे एक पिढी 'राग' म्हणजे तीन मिनिटांचा सारांश समजू लागली, ही तक्रारही तेव्हापासूनचीच. साठवणुकीचे माध्यम आशयाला कात्री लावते, याचा हा सांगली जिल्ह्यातील बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत श्रवणीय पुरावा.

आता अर्धशतक ओलांडून पुढे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात व्हिडिओ कॅसेटही पसरली. लग्नाचे 'शूटिंग' हा शब्द तेव्हाच मराठीत रुळला. कॅसेटच्या जगात हिशेब सोपा होता. पाल पद्धतीच्या प्रचलित ई-१८० कॅसेटमध्ये तीन तास बसत. देवकापासून वरातीपर्यंत कॅमेरा चालू ठेवला तरी चाले. कंटाळा येई तो पाहणाऱ्याला, यंत्राला नव्हे.

सीडीने हे सुख संपवले.

१९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी मुळात संगीतासाठी होती : ७४ मिनिटांचा आवाज, सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. ती ज्या मूळ गतीने फिरते, त्या गतीने तिच्यावरून एवढीच माहिती उचलता येते. पुढे अभियंत्यांपुढे प्रश्न आला : याच चकतीवर, याच गतीने, आवाजासोबत हलते चित्रही बसवता येईल का?

प्रश्नाचे आकारमान लक्षात घ्यावे. पाल पद्धतीच्या व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे, सेकंदाला २५ चित्रे. एका बिंदूला सरासरी १२ बिट धरले (रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आधीच विरळ केलेली असते), तर सेकंदाला सुमारे ३ कोटी ४ लाख बिट होतात. चित्रासाठी हाती आहेत ते साडेअकरा लाख. म्हणजे सव्वीस पोत्यांचे धान्य एका पोत्यात भरायचे, आणि पोते उघडल्यावर ते सव्वीस दिसलेही पाहिजे.

हे काम ज्या मानकाने केले ते एमपेग-१. लिओनार्दो किआरिलिओने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये तज्ज्ञांचा गट स्थापन झाला आणि १९९३ मध्ये मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी व्हिडिओ सीडीचे नियम निश्चित केले : चित्राला १,१५० किलोबिट, आवाजाला २२४ किलोबिट, कमी नाही आणि जास्तही नाही. पाश्चात्त्य देशांत ही चकती फारशी चालली नाही. चीन, आग्नेय आशिया आणि भारताने मात्र तिला घराघरात नेले, कारण कोरी सीडी कॅसेटपेक्षा स्वस्त होती आणि यंत्रही.

युक्ती काय होती? चित्रपटातील लागोपाठच्या दोन चित्रांत बहुतेक भाग तोच असतो. मांडव तोच, भटजी तेच, मागची भिंत तीच. म्हणून दर अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण लिहायचे आणि मधल्या चित्रांत फक्त 'काय बदलले' एवढेच नोंदवायचे. जे थोडे नवीन उरते ते आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनांत तोडून त्यातले बारकावे डोळ्याला कळणार नाहीत इतपत पुसायचे. किती पुसायचे, हे दर क्षणी ठरवणे म्हणजेच बिटरेटचे नियंत्रण.

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला ही गोष्ट चटकन कळेल. पाट एका धारेने वाहतो आहे, ती सीडी. शेताच्या कडेला एक छोटा हौद आहे. ती प्लेअरमधली स्मृती, व्हीसीडीच्या नियमाप्रमाणे अवघी ४० किलोबाइट. आणि सेकंदाला पंचवीस वेळा कोणीतरी त्या हौदातून बादली भरून नेतो. एक बादली म्हणजे एक चित्र. सरासरी बादली पावणेसहा किलोबाइटची, म्हणजे हौदात साधारण सात बादल्यांची शिल्लक. लागोपाठ मोठ्या बादल्या नेल्या तर हौद तळाला जाणार आणि चित्र थबकणार. ते होऊ नये म्हणून एन्कोडर दृश्य अवघड होताच बादली आखडती घेतो, म्हणजेच बारकावे अधिक पुसतो.

आता हा हिशेब सांगली-साताऱ्याच्या लग्नावर आणि जत्रेवर लावून पाहिला, की खरी अडचण दिसते. मंगलाष्टका चालू असताना सगळे स्थिर उभे असतात. चित्र सोपे असते, धार पुरून उरते, आणि तरीही ठरलेले १,१५० किलोबिट खर्च होतच राहतात. शिल्लक पुढच्या प्रसंगासाठी राखून ठेवण्याची सोय नाही. मग 'सावधान' म्हटले जाते आणि शे-दोनशे हातांतून अक्षता उडतात. प्रत्येक दाणा नवा, प्रत्येक दाण्याची दिशा वेगळी, 'मागच्या चित्रात हे होते' असे म्हणायला काहीच नाही. बरोबर त्याच क्षणी धार अपुरी पडते. ज्या क्षणासाठी शूटिंग केले, त्याच क्षणी चित्र चौकोनांत फुटते.

याहून कठीण परीक्षा म्हणजे पालची यात्रा. कराड तालुक्यातील पाल येथे पौषात खंडोबा आणि म्हाळसा यांचा विवाह लागतो आणि भंडाऱ्याची अशी उधळण होते की माणसे, हत्ती, मंदिर, आकाश सगळे पिवळे होते. एमपेग-१ च्या दृष्टीने यापेक्षा वाईट दृश्य कल्पिणे अवघड. हवेत तरंगणारी पूड म्हणजे प्रत्येक चित्रात नव्याने येणारा गोंधळ. त्यातून रंगाची नोंद उजेडाच्या चौथ्या हिश्श्याइतक्याच बिंदूंवर ठेवलेली. त्यामुळे भंडाऱ्याचा पोत हरवतो आणि सपाट पिवळे ठोकळे उरतात. बावधनच्या बगाडाचा गुलाल असो वा गणपतीच्या मिरवणुकीतला, नियम तोच. या दोन जिल्ह्यांतील लोकजीवनाचा जो जो प्रसंग सर्वांत उत्कट, तो तो या चकतीवर सर्वांत वाईट नोंदला गेला.

दोष तंत्रज्ञांचा नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. तालुक्याच्या गावात एका संगणकावर रात्र-रात्र 'मिक्सिंग' करणाऱ्या मुलांनी हा हिशेब कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात न शिकता हातांनी आत्मसात केला. लख्ख दिवा लावला की चित्रातील खरखर कमी होते आणि एन्कोडरचा भार हलका होतो. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला की मागची भिंत स्थिर राहते आणि बिट वाचतात. झूम सावकाश करावा. फुलांच्या पाकळ्या उधळणारे कृत्रिम इफेक्ट सुंदर दिसले तरी चकतीवर फुटतात. जपानच्या हिरोयुकी होरी यांचा 'टीएमपीजीएन्क' हा एन्कोडर या काळात जगभरच्या हौशी मंडळींत प्रसिद्ध होता. पंधरा मिनिटांच्या चित्रणाला तासभर लावणारा, पण चित्र चांगले देणारा.

नियम वाकवण्याचे प्रयत्नही झाले. बिटरेट १,१५० च्या खाली ओढून एकाच सीडीत दीड तास बसवायचा, किंवा आवाजाचे २२४ किलोबिट १२८ वर आणून उरलेले चित्राला द्यायचे. अशा सीडी काही प्लेअरवर चालत, काहींवर नुसत्याच फिरत. गिऱ्हाईकाच्या घरचा प्लेअर कोणता, हे आधी कळण्याचा मार्ग नव्हता.

त्या काळातील एक कोडेही सांगण्याजोगे आहे. सीडीवर छापलेले असे '७०० एमबी', पण व्हीसीडीची ८०० एमबीची फाइल तीत बसे. हे कसे? साध्या डेटा सीडीत प्रत्येक २,०४८ बाइटच्या कप्प्यामागे चुका दुरुस्त करणारी जादा माहिती लिहिलेली असते. व्हीसीडीने ती जादा दुरुस्ती सोडून दिली आणि त्याच कप्प्यात २,३२४ बाइट भरले. सेकंदाला ७५ कप्पे, ८० मिनिटांचे ३,६०,००० कप्पे. गुणाकार करून पाहावा, सुमारे ८३६ दशलक्ष बाइट येतात. जागा मिळाली ती सुरक्षिततेच्या बदल्यात. याची किंमत पुढे येते.

तोवर चित्रपटांचा बाजार पाहू. सव्वादोन-अडीच तासांचा मराठी चित्रपट दोन सीडींत नेमका बसे. साडेतीन तासांचा हिंदी चित्रपट तिसरी सीडी मागे. मध्यंतराची जागा दिग्दर्शकाऐवजी चकती ठरवू लागली. कोऱ्या चकत्या बनवणाऱ्या मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा अनधिकृत प्रतींची किंमत आणि अधिकृत प्रतीची किंमत यांतील अंतर जवळपास मिटले. २०१८ मध्ये तीच कंपनी अवसायनात निघाली. चकतीचे युग किती आखूड होते, याची कल्पना यावरून यावी.

पण या भागाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न तमाशाचा आहे. सांगली जिल्हा म्हणजे पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष आणि काळू-बाळूंचे कवलापूर. तमाशाची रचना रात्रभराची : गण, गवळण, बतावणी, लावण्या, आणि मग पहाटेपर्यंत चालणारा वग. यातले ७४ मिनिटांत काय बसणार? लावणी बसते, कारण ती पाच-सात मिनिटांची. बतावणीतला विनोद तुकड्यातुकड्यांत बसतो. वग बसत नाही. त्याला चार-पाच सीडी लागतात, आणि चार-पाच सीडींचा संच विकत घेणार कोण? चकतीच्या बाजारात लावण्यांचे संकलन म्हणून तमाशाची ओळख पक्की होत गेली, त्यामागे प्रेक्षकांच्या आवडीइतकाच या मिनिटांच्या हिशेबाचा वाटा मानावा लागतो. तबकडीवर रागाचे जे झाले, ते येथे वगाचे झाले. फरक इतकाच की वगाला अब्दुल करीम खाँ भेटले नाहीत.

डीव्हीडी आल्यावर बंधने सैल झाली. ४.७ अब्ज बाइट, चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे आणि बिटरेट बदलता. आता साध्या दृश्यातून वाचवलेले बिट अक्षतांसाठी राखता येऊ लागले. एन्कोडर चित्रण दोनदा पाहतो : पहिल्या फेरीत कोठे किती गरज आहे याची नोंद करतो, दुसऱ्या फेरीत वाटप करतो. पाळीचे पाणी ठरलेलेच, पण शाळूला कमी आणि उसाला जास्त, असे सोडता येते.

बेरीज मात्र सुटत नाही. ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३,७६० कोटी बिट. दोन तासांच्या ७,२०० सेकंदांनी भागले, तर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट, आवाज आणि बांधणीचा खर्च वजा जाता चित्रासाठी पावणेपाच-एक उरतात, आणि चित्र छान दिसते. तीन तासांना तेच ३.५ वर येते. आणि 'सगळे एकाच डीव्हीडीत हवे, साखरपुड्यापासून वरातीपर्यंत' असा हट्ट धरून सहा तास भरले, तर १.७४ मेगाबिट. चित्राचे क्षेत्र व्हीसीडीच्या चौपट, आणि बिट जेमतेम दीडपट. असे चित्र व्हीसीडीहून वाईट दिसते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटे. उलट बिटरेट ९.८ मेगाबिटच्या कमाल मर्यादेला भिडवला, तर घरी भाजलेल्या चकतीवर स्वस्त प्लेअर अडखळत. म्हणून शिखर आठच्या आसपास ठेवण्याचा प्रघात पडला.

काय गाळायचे, हा प्रश्न येथेही केवळ तांत्रिक राहत नाही. लग्नाच्या चित्रणात सर्वांत जास्त वेळ खाणारे दोन भाग म्हणजे आहेर आणि पंगत. पाहायला तेच सर्वांत कंटाळवाणे, म्हणून कात्री पहिली तेथे चालते. परंतु वीस वर्षांनी त्या चकतीत कुटुंब शोधते ते नवरा-नवरीला नव्हे. त्यांचे फोटो भिंतीवर आहेतच. शोधले जातात ते आहेर द्यायला क्षणभर उभे राहिलेले चुलत आजोबा, पंगतीत वाढणारी मावशी. त्यांपैकी कित्येकांचे हलते-बोलते चित्र जगात अन्यत्र कोठेही नसते.

आणि येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा असा मुद्दा येतो. वि. का. राजवाडे यांनी वाईत सापडलेल्या कागदपत्रांवरून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. अस्सल कागद आणि नक्कल यांतला भेद त्या परंपरेने आपल्याला शिकवला. तोच निकष येथे लावून पाहिला तर काय दिसते? अस्सल म्हणजे कॅमेऱ्यातील डीव्ही टेप : सेकंदाला २५ मेगाबिट, तासाला सुमारे १३ जीबी. नक्कल म्हणजे सीडी : तासाला सुमारे ६०० एमबी. टेप महाग असल्याने स्टुडिओत ती पुसून पुढच्या लग्नाला वापरली जाई. अस्सल नष्ट झाले, ते शत्रूने जाळल्यामुळे किंवा वाळवी लागल्यामुळे नव्हे, तर पुढच्या रविवारचा मुहूर्त होता म्हणून.

उरली नक्कल, तीही टिकाऊ नाही. घरी भाजलेल्या सीडीत माहिती एका सेंद्रिय रंगाच्या थरात असते, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो रंग विटतो. व्हीसीडीने सोडून दिलेल्या दुरुस्तीची किंमत आता मोजावी लागते : एक ओरखडा, आणि संगणक फाइल नकलून घेण्यास नकार देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत घराघरांत शिरले, तेव्हा कागदी अल्बम आणि कॅसेट चिखलात गेले. सीडीचे पॉलिकार्बोनेट पाण्याने विरघळत नाही. पण गाळाचे कण तिला घासून काढतात आणि वरचे लेबल सुटू लागले की त्यासोबत परावर्तक थरही निघतो.

ज्यांच्या घरी अशी डबी अजून आहे, त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. चकती पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार नव्हे. व्हीसीडीत 'एमपेगएव्ही' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात 'डॅट' शेवट असलेली फाइल. तीच आहे तशी उतरवून ठेवावी. आधी व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासाठी लहान करून, तीच प्रत 'जतन' म्हणून ठेवली, तर नकलेची नक्कल होते. १,१५० किलोबिटांत जे थोडे वाचले होते, त्यावर दुसरा एन्कोडर पुन्हा कात्री चालवतो, आणि तो पहिल्या एन्कोडरचे चौकोनही चित्राचाच भाग समजून इमानेइतबारे जपतो.

आणि एक. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यवसायातली कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. पंधरा ग्रॅमची चकती टपालाने कोठेही जाऊ शकत असे. गावच्या घरातील प्रत खराब झालेली असेल, तर दूरच्या शहरातील एखाद्या चुलत्याच्या कपाटात तिची जुळी प्रत असू शकते. विचारून पाहावे, तीही विटायच्या आत.